एमएलएच१ ‘लॉस’ : जठराच्या कर्करोगाच्या रिपोर्टमधली ही ओळ चुकवू नका

घरात कुणाला जठराचा कर्करोग निघाला की बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये सगळे एकच शब्द शोधतात, कार्सिनोमा. तो दिसला की कागद फाइलमध्ये जातो आणि पळापळ सुरू होते : कुठलं हॉस्पिटल, कुठले डॉक्टर, पैसे किती. पण त्याच रिपोर्टच्या खालच्या भागात, किंवा आठवड्याभराने येणाऱ्या पुरवणी रिपोर्टमध्ये, चार नावं असतात : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. त्यापुढे ‘रिटेन्ड’ किंवा ‘लॉस’ असं लिहिलेलं असतं. कित्येकदा ही नावं रिपोर्टमध्ये नसतातच, कारण तपासणी सांगितलेलीच नसते.

माझं आग्रहाचं सांगणं एवढंच आहे : केमोथेरपीची पहिली सलाइन लागण्याआधी ही चार नावं रिपोर्टवर आली पाहिजेत. नसतील तर डॉक्टरांना विचारा, तपासणी मागून घ्या. ती महागड्या जनुकीय चाचण्यांपैकी नाही. मोठ्या शहरांतल्या बहुतेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती नेहमीची आहे. आणि तिच्यावर तीन मोठे निर्णय अवलंबून असतात : केमो द्यायची का, इम्युनोथेरपीचा विचार करायचा का, आणि भावंडांची, मुलांची तपासणी करायची का.

ही चार नावं कशाची आहेत, ते आधी समजून घेऊ. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते. मानवी डीएनएच्या एका संचात सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. एवढी नक्कल उतरवताना चुका होणारच. त्या शोधून दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत असतात आणि एमएलएच१ हे त्यांतलं एक. छापखान्यातला मुद्रितशोधक जे काम करतो, तेच हे. पॉल मॉड्रिच यांनी या यंत्रणेचं काम कसं चालतं ते उलगडलं आणि टॉमस लिंडाल व अझीझ संजार यांच्याबरोबर त्यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही प्रथिनं जोडीने काम करतात. एमएलएच१ ची जोडी पीएमएस२ शी, एमएसएच२ ची एमएसएच६ शी. एमएलएच१ नसेल तर पीएमएस२ एकटं टिकत नाही, तेही नाहीसं होतं. म्हणून रिपोर्टवर ‘एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस’ असं जोडीने लिहिलेलं असेल तर बिघाड दोन ठिकाणी झाला असं समजू नका. मूळ गडबड बहुतेक वेळा एमएलएच१ चीच असते.

आता महत्त्वाची गोष्ट. ‘लॉस’ वाचून वाटतं की जनुकच तुटलं किंवा बिघडलं. जठराच्या कर्करोगात बहुतेक वेळा तसं नसतं. एमएलएच१ चं जनुक जागच्या जागी असतं, त्यातलं एकही अक्षर बदललेलं नसतं. पण त्याच्या सुरुवातीला जो भाग असतो, ज्याला प्रमोटर म्हणतात आणि जिथून जनुक वाचायला सुरुवात होते, तिथे मिथाइलचे छोटे रासायनिक गट दाटीने चिकटतात. मग पेशीला ते जनुक वाचताच येत नाही, आणि न वाचलेल्या जनुकाचं प्रथिन तयार होत नाही. याला जनुक मूक होणं म्हणतात, आणि अक्षरं न बदलता होणाऱ्या अशा बदलांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स.

मूक झालेल्या पेशीतून पुढे जन्मणारी प्रत्येक पेशीही तशीच मूक असते, आणि चुका साठत जातात. सर्वांत आधी चुकतात त्या एक किंवा काही अक्षरं पुनःपुन्हा येणाऱ्या जागा, ज्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. ‘टीजीएफबीआर२’ नावाच्या जनुकात सलग दहा ‘ए’ येतात. तिथे एखादं अक्षर गळलं की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि पेशीची वाढ आवरणारं ते जनुक निकामी होतं. रिपोर्टमध्ये ‘एमएसआय-हाय’ हा जो शेरा येतो, तो या अस्थिर जागांविषयी असतो.

हे कुणामध्ये अधिक दिसतं?

अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अॅटलास प्रकल्पाने २०१४ मध्ये जठराच्या २९५ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे २२ टक्के गाठी एमएसआय गटात होत्या, आणि एमएलएच१ मूक होणं ही त्या गटाची खूणच होती. वय जास्त असलेल्यांत, स्त्रियांमध्ये आणि जठराच्या खालच्या भागात, म्हणजे अँट्रममध्ये, हा प्रकार अधिक सापडतो. रोग दूर पसरलेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण बरंच खाली येतं. तरीही ‘पसरलाय, आता कशाला तपासायचं’ म्हणून तपासणी सोडू नका. कमी जणांत सापडलं तरी ज्यांच्यात सापडतं, त्यांच्या उपचाराची दिशाच बदलते. याच अभ्यासातला एक तपशील मला फार लक्षणीय वाटतो. एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होणाऱ्या जठराच्या गाठींमध्ये मिथाइलचा भडिमार सर्वांत जास्त असतो, पण त्यांत एमएलएच१ मूक झालेलं नसतं. म्हणजे मिथाइल वाटेल तिथे चिकटत नाही. कुठलं जनुक बंद पडणार हे आजाराच्या कारणावर अवलंबून आहे.

आणि कारणाचा माग हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूपर्यंत जातो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९९४ मध्येच कर्करोगाच्या पक्क्या कारणांच्या यादीत टाकलं होतं. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या तोशिकाझु उशिजिमा यांच्या गटाने दाखवलं की या जिवाणूची लागण झालेल्या जठराच्या अस्तरात कर्करोग होण्याच्या कितीतरी आधीच ठरावीक जनुकांवर मिथाइल साठू लागतं. त्यांच्या गटाने जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांना जिवाणूची लागण केली आणि काही प्राण्यांना सूज दाबणारं सायक्लोस्पोरिन दिलं. त्या प्राण्यांच्या पोटात जिवाणू होतेच, पण सूज कमी राहिली आणि मिथाइलही साठलं नाही. म्हणजे जनुकं मूक होण्यात जिवाणूपेक्षा त्याने पेटत ठेवलेल्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या सुजेचा वाटा मोठा आहे. जिवाणू घालवल्यावर काही मिथाइल ओसरतं, पण सगळं नाही. म्हणून उपचार लवकर होण्याला महत्त्व आहे.

रिपोर्ट कसा तयार होतो

ही तपासणी समजली की तिच्यातले धोकेही कळतात. दुर्बिणीतून काढलेले तुकडे फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या छोट्या ब्लॉकमध्ये बसवतात. ब्लॉकमधून अतिशय पातळ काप घेऊन काचेवर, म्हणजे स्लाइडवर लावतात आणि त्यावर एकेका प्रथिनाला पकडणारं प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तिथे निळसर राहतं. एमएलएच१ गेलेल्या गाठीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी दिसतात आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या पांढऱ्या पेशींची, आजूबाजूच्या धाग्यांसारख्या पेशींची केंद्रकं ठळक तपकिरी. हे तपकिरी ठिपके फार मोलाचे. रंग नीट चढला आहे याची ती खात्री असते. तेही निळेच राहिले असतील तर ‘लॉस’ असं म्हणता येत नाही, तपासणीच फसली असं धरायचं. रिपोर्टमध्ये ‘इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय का ते पाहा, नसेल तर विचारा.

शंका असेल तर पीसीआर चाचणीने मायक्रोसॅटेलाइटच्या पाच ठरावीक जागा तपासतात. दोन किंवा अधिक जागा अस्थिर निघाल्या तर गाठ एमएसआय-हाय. दोन्ही चाचण्यांची उत्तरं बहुतेक वेळा जुळतात. जुळली नाहीत तर ती गाठ कशी वाचायची, हे डॉक्टरांनी आपापसांत बोलूनच ठरवावं लागतं.

इथे एका व्यवहाराच्या गोष्टीवर थांबतो, कारण ती फार वेळा चुकते. जठराच्या बायोप्सीत तुकडे फारच कमी घेतलेले असतात. ‘कॅन्सर आहे की नाही’ एवढं सांगायला दोन-तीन तुकडे पुरतात, पण आता त्याच ऊतीवर एमएमआर म्हणजे या चार प्रथिनांची, शिवाय हर-टू, पीडी-एल१ अशा उपचार ठरवणाऱ्या तपासण्या करायच्या असतात. म्हणून सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं मार्गदर्शक सूचना सांगतात. दुर्बिणीच्या तपासणीआधी डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका. दुसरं म्हणजे, तपासणी केमो सुरू होण्यापूर्वीच्या बायोप्सीवर करून घ्या. केमोनंतर गाठ इतकी आक्रसू शकते की तपासायला पेशीच उरत नाहीत, आणि एमएसएच६ चा रंग फिका पडून चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता असते.

हॉस्पिटल बदलणार असाल तर रिपोर्टच्या कागदाबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. लॅबमध्ये अर्ज केला की ते मिळतात. ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक तिथेच ताडून पाहा. ब्लॉक मेणाचा असतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तो बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून मुंबईपर्यंत आणू नका, पाकिटात घालून सावलीत ठेवा. गावाकडे केलेली दुर्बीण पुन्हा करावी लागणार नाही, एवढा फायदा या एका ब्लॉकमुळे होतो.

हे घराण्यातून आलंय का?

‘एमएलएच१ लॉस’ हे शब्द इंटरनेटवर टाकले की लिंच सिंड्रोम हे नाव समोर येतं आणि घरात भीती पसरते. लिंच सिंड्रोममध्ये याच दुरुस्तीच्या जनुकांपैकी एकात जन्मजात दोष असतो, आणि तो आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पण जठराच्या गाठीतला ‘एमएलएच१ लॉस’, विशेषतः उतारवयात, बहुतेक वेळा मिथाइलमुळे आलेला असतो. तो बदल त्या रुग्णाच्या जठरात, त्याच्या हयातीत घडलेला असतो. मुलांकडे तो जात नाही.

तरीही अंदाजावर विसंबू नका. ‘एमएलएच१ प्रमोटर मेथिलेशन’ ही चाचणी गाठीच्या ऊतीवर करतात. ती पॉझिटिव्ह आली आणि रुग्ण वयस्क असेल तर लिंचची शंका बरीचशी मिटते. निगेटिव्ह आली तर रक्तावर जन्मजात जनुकीय दोषाची तपासणी करायची. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘बीआरएएफ’ या जनुकातल्या बदलाची चाचणी याच प्रश्नासाठी सर्रास वापरतात. जठराच्या गाठींमध्ये तो बदल जवळपास सापडतच नाही, त्यामुळे इथे ‘बीआरएएफ निगेटिव्ह, म्हणून लिंच’ असा निष्कर्ष काढता येत नाही. तुमच्या रिपोर्टवर तसं लिहिलं असेल तर मेथिलेशनची चाचणी स्वतंत्र मागा.

एमएसएच२ आणि एमएसएच६ गेले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे जन्मजात दोषाची शंका आधी घ्यायची. इथे एक चमत्कारिक अपवाद आहे. एमएसएच२ च्या शेजारच्या ‘ईपीसीएएम’ या जनुकाचा शेवटचा भाग जन्मतः गळलेला असेल तर त्यामुळे एमएसएच२ वर मिथाइल चढतं. म्हणजे जनुक मूक होतं ते मिथाइलनेच, पण मिथाइल येण्याचं कारण मात्र वारशाने येतं. तसंच फार थोड्या लोकांच्या रक्ताच्या पेशींमध्येही एमएलएच१ वर मिथाइल असतं. म्हणून रुग्ण तरुण असेल, पन्नाशीच्या आतला, तर गाठीतलं मेथिलेशन सापडलं तरी तिथे थांबू नये. रक्ताची तपासणी आणि जनुकीय समुपदेशन दोन्ही करून घ्यावं.

समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी घराण्याचा इतिहास लिहून न्या. आपल्याकडे तो लिहिताना आजोळ हमखास सुटतं. मामा, मावशी, आईची आई, त्यांच्या मुलांची नावं घ्या. जुनी माणसं ‘कर्करोग’ म्हणत नाहीत, ‘पोटात गाठ होती’, ‘पिशवी काढली होती’, ‘खाल्लेलं पुढे सरकत नव्हतं’ असं सांगतात. लिंचमध्ये मोठ्या आतड्याचे आणि गर्भाशयाचे कर्करोग अधिक दिसतात, त्यामुळे ‘पिशवी का काढली?’ हा प्रश्न आवर्जून विचारा.

उपचाराचं काय बदलतं

एमएलएच१ मूक झाल्यामुळे साठलेल्या चुकांमधून विचित्र, शरीराला अनोळखी प्रथिनांचे तुकडे तयार होतात. रोगप्रतिकारक पेशी ते ओळखू शकतात. गाठ स्वतःला वाचवण्यासाठी त्या पेशींना आवरणारा संदेश देत राहते, आणि इम्युनोथेरपीची औषधं तो संदेश तोडतात. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध एमएसआय-हाय किंवा दुरुस्ती बिघडलेल्या घन गाठींसाठी, मग त्या कुठल्याही अवयवातल्या असोत, मंजूर केलं. अवयवाऐवजी डीएनएच्या खुणेवरून कर्करोगाच्या औषधाला मिळालेली ही पहिली मंजुरी.

शस्त्रक्रिया शक्य असलेल्या एमएसआय-हाय रुग्णांतली एक फ्रेंच चाचणी जाणून घेण्यासारखी आहे. निओनिपिगा नावाच्या या चाचणीत ३२ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं दिली. २९ जणांची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांतल्या १७ जणांच्या काढलेल्या जठरात कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. संख्या लहान आहे, पण जठराच्या कर्करोगात असं पाहायला मिळणं विरळाच.

केमोबद्दलही विचारा. शस्त्रक्रियेच्या चार मोठ्या चाचण्यांतल्या दीड हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा एमएसआय-हाय रुग्णांचं आयुर्मान इतरांपेक्षा चांगलं दिसलं, आणि त्यांना जुन्या पद्धतीच्या केमोचा ठळक फायदा दिसला नाही. यावरून स्वतःच केमो नाकारू नका. आजची केमो त्या चाचण्यांतल्या केमोपेक्षा वेगळी आहे, आणि रुग्णाची अवस्था, गाठीचा आकार, सोसण्याची ताकद हे सगळं पाहावं लागतं. डॉक्टरांसमोर प्रश्न असा ठेवा : ‘गाठ एमएसआय-हाय आहे. मग आधी केमो, आधी शस्त्रक्रिया की आधी इम्युनोथेरपी, हे तुमच्या ट्यूमर बोर्डात ठरलंय का?’ मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. छोट्या गावातल्या रुग्णाचीही केस तिथे पाठवता येते.

ही औषधं महाग आहेत. औषध कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना, हॉस्पिटलमधला समाजसेवा विभाग, विमा, हे सगळं पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅबचा अगदी कमी डोस, २० मिलिग्रॅम, वापरून पाहिलेला अभ्यास गाजला. त्याचा दाखला लोक सगळ्याच कर्करोगांना देतात. तो अभ्यास डोके-मानेच्या कर्करोगातला होता, जठराच्या नाही. आणि इम्युनोथेरपी सुरू असताना जुलाब, धाप, डोळे पिवळे होणं किंवा अतोनात थकवा आला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. सुटलेली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर हल्ला करू शकते. वेळीच स्टेरॉइड दिलं तर बहुतेक वेळा ते आवरतं.

कशाला भुलू नये

‘एमजीएमटी’ हेही डीएनए दुरुस्त करणारं जनुक. तेही जठराच्या काही गाठींत मिथाइलने मूक झालेलं सापडतं. मेंदूच्या गाठींमध्ये ही तपासणी टेमोझोलोमाइड औषधाच्या निर्णयाला मदत करते. जठरात तिच्यावरून आज उपचार ठरत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. ‘जनुक पुन्हा सुरू करणारी’ पावडर, ‘डीएनए डिटॉक्स’, मिथाइल वाढवणारी किंवा घटवणारी जीवनसत्त्वं यांपैकी एकानेही गाठीतलं एमएलएच१ जागं झाल्याचा पुरावा नाही. मिथाइल काढणारी खरी औषधं आहेत, अझासिटिडिन आणि डेसिटाबिन, आणि ती रक्ताच्या काही आजारांत वापरतात. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये अशा औषधाने एमएलएच१ पुन्हा सुरू झालेलंही पाहिलं गेलं आहे. पण तोवर गाठीत साठलेल्या हजारो चुका त्यामुळे परत फिरत नाहीत.

घरातल्या बाकीच्यांसाठी

जठराच्या कर्करोगाच्या रुग्णाची सख्खी भावंडं आणि मुलं यांनी हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. कोरियात अशाच सख्ख्या नातेवाइकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी नऊ वर्षं पाठपुरावा केल्यावर, जिवाणूवर उपचार मिळालेल्यांत १.२ टक्के आणि न मिळालेल्यांत २.७ टक्के लोकांना जठराचा कर्करोग झाला. तंबाखू, फार खारवलेले आणि धुरी दिलेले पदार्थ यांनीही धोका वाढतो. भारतात हा कर्करोग सर्वाधिक आढळतो तो मिझोरममध्ये, आणि तिथल्या धुरावर वाळवलेल्या मांसाकडे व तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून बनवलेल्या ‘तुइबुर’कडे संशोधकांचं लक्ष गेलेलं आहे.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची असते, सुईही लागत नाही. मात्र पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर जिवाणू असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, आणि प्रतिजैविकं चार आठवडे आधी. जिवाणू सापडला तर उपचार साधारण १४ दिवसांचा असतो, एकावेळी तीन-चार औषधं असतात, तोंड कडवट होतं, शौचाचा रंग काळा होऊ शकतो. बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी गोळ्या सोडल्या तर जिवाणू उरतो आणि त्याच औषधांना दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची. बहुतेक लोक ही दुसरी तपासणी टाळतात.

पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली ॲसिडिटी, चार घास खाल्ले की पोट भरणं, उगाच वजन उतरणं, वारंवार उलट्या, डांबरासारखी काळी शौच, कारण न सापडणारं रक्तातल्या लोहाचं कमी प्रमाण, यांपैकी काही असेल तर मेडिकलमधून गोळ्या आणून महिने काढू नका. या गोळ्यांनी जळजळ थांबते आणि गाठ असली तर तीही काही काळ झाकली जाते. दुर्बिणीची तपासणी करून घ्या, आणि बायोप्सी घेतली तर तिचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे ते लिहून ठेवा.